ड्रमकिटसाठी परवडणारे सिम्बल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला आठवड्यातून तीन संध्याकाळी ड्रम शिकवतो, उरलेल्या दिवशी जिथली सुपारी मिळेल तिथे वाजवतो. दिवाळीचा बोनस हातात पडला की पालकांचे आणि पोरांचे फोन सुरू होतात : "सर, सिम्बल कुठले घेऊ? जास्त पैसे नाहीयेत." तीच उत्तरं फोनवर इतक्यांदा दिली आहेत की आता लिहूनच ठेवतो. (सिम्बल म्हणजे ड्रमकिटवरच्या धातूच्या गोल ताटल्या.)

ड्रमसेटबरोबर जे सिम्बल फुकट आलेत, ते चालणार नाहीत का?

दोन-तीन महिने चालतील. पॅकेजमधले सिम्बल बहुतेक वेळा पातळ पितळी पत्र्याचे असतात आणि स्टीलच्या ताटावर पळी आपटल्यासारखे वाजतात. पण आवाज वाईट आहे एवढीच माझी तक्रार नाही. चांगल्या राइडवर (ज्यावर सलग ठेका धरतात तो मोठा सिम्बल) मधल्या घुमटावर, पसरट भागावर आणि कडेला मारलं की तीन वेगळे आवाज येतात. या ताटलीवर तिन्ही ठिकाणी तोच खणखणाट. मग पोराचा हात कुठे पडतोय याकडे त्याचा कान लक्षच देत नाही, आणि ती सवय पुढे मोडायला फार वेळ लागतो.

टाकून मात्र देऊ नका. नवीन क्रॅशवर (मोक्याच्या जागी एकदाच जोरात मारायचा सिम्बल) हीच जुनी ताटली उपडी ठेवून वाजवली तर आखूड, खरखरीत "चॅक" असा आवाज मिळतो. याला स्टॅक म्हणतात आणि लोक त्यासाठी वेगळे पैसे मोजतात.

बजेट एकच आहे. आधी ड्रम चांगले घेऊ की सिम्बल?

सिम्बल. स्वस्त ड्रमला नवीन हेड (वरचा ताणलेला पडदा) घाला, नीट ट्यून करा, बास ड्रममध्ये एक जुनी उशी कोंबा. तो बऱ्यापैकी वाजायला लागतो. सिम्बलला ट्यूनिंगची किल्ली नसते. धातू, ठोकणी आणि जाडी कारखान्यात ठरली, ती ठरली. खराब सिम्बल दहा वर्षांनीही तेवढाच खराब वाजतो.

हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही, कारण चकचकीत शेल (ड्रमचं बाहेरचं पिंप) दाखवून विकणं सोपं असतं. मी तर म्हणतो, सेकंडहँड ड्रम घ्या आणि वाचलेले पैसे सिम्बलमध्ये घाला.

पितळ, बी-८, बी-१२, बी-२० ही काय भानगड आहे?

भानगड घरातलीच आहे. तुमच्या आजीकडे काशाची वाटी असेल, तळपायाला तूप चोळायची. ती आणि पितळेचा तांब्या शेजारी ठेवून बोटाने टिचकी मारा. तांब्या "टक्" करून गप्प बसतो, वाटी बराच वेळ गुणगुणत राहते. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सिम्बलच्या किमतीतला निम्मा फरक इथेच पडतो.

"बी" म्हणजे ब्राँझ आणि पुढचा आकडा म्हणजे शंभरातलं कथील. बी-८ मध्ये ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील, बी-२० मध्ये ८० आणि २०. बी-२० ला घंटेचा धातू म्हणतात आणि आपलं कासं त्याचंच सख्खं भावंड. सुरुवातीच्या स्वस्त सेटमध्ये साधारण ६३ टक्के तांबं आणि बाकी जस्त असं पितळ असतं.

कथील वाढलं की आवाजात सूर वाढतात, झंकार लांबतो, पण धातू ठिसूळ होतो. काशाचं भांडं हातून पडलं तर तडकतं, पितळेच्या भांड्याला नुसता पोचा पडतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच बी-२० चा ओतलेला गोळा तापवून तापवून लाटावा लागतो, मग पाण्यात विझवतात, मग ठोकतात, मग लेथवर चर पाडतात. कष्ट वाढले की किंमत वाढते. बी-८ आणि पितळ मोठ्या पत्र्यांतून गोल कापून निघतं, म्हणून स्वस्त.

जाता जाता : झिल्जियन हे कंपनीचं नाव म्हणजे तुर्की-आर्मेनियन भाषेत "झांजा घडवणाऱ्याचा मुलगा". १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू झालेलं हे घराणं. आपल्याकडे कांस्यकाराचा कासार झाला, तिकडे झांजवाल्याचा झिल्जियन.

म्हणजे बी-२० नसेल तर घेऊच नये?

असं मुळीच नाही. पायस्टे कंपनीची २००२ ही मालिका १९७१ मध्ये आली, ती बी-८ ची आहे. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम ती वाजवायचा, आणि आजही ती महागड्या सिम्बलांत मोडते. पत्र्याचा धातू, पण ठोकणी आणि लेथचं काम अव्वल. उलट नुसता "बी-२०" असा शिक्का मारलेले, घाईघाईने ठोकलेले स्वस्त सिम्बलही बाजारात मिळतात. त्यांत एखादा लागतो, एखादा फसतो, आणि एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे वाजतात. ते घ्यायचे तर समोर वाजवूनच.

तरी ढोबळ नियम सांगतो. शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी चांगलं पितळ पुरतं. स्टेजवर जायचं असेल तर बी-८ पासून सुरुवात करा. बी-२० हळूहळू, एकेक करून.

पहिल्या सेटमध्ये नेमकं काय काय हवं?

१४ इंची हाय-हॅटची जोडी (पायाच्या पेडलने एकमेकींवर मिटणाऱ्या दोन ताटल्या), १६ इंची क्रॅश, २० इंची राइड. बस.

काही खोक्यांत १३ ची हाय-हॅट, १४ चा क्रॅश आणि १८ इंची "क्रॅश-राइड" येते. दिसायला तो सेट स्वस्त पडतो, पण क्रॅश-राइड म्हणजे धड ना क्रॅश, धड ना राइड. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे, कारण हात पोचतो. मोठ्याने तो घेऊ नये.

स्प्लॅश (छोटा, झटपट विझणारा) आणि चायना (उलट्या कडेचा) हे जादा सिम्बल?

आत्ता नको.

खोक्यातला तयार सेट घ्यावा की सुटे सिम्बल?

पहिल्यांदा घेताना खोका. तेच तीन नग सुटे घेतले तर बेरीज बरीच जास्त होते, आणि कंपन्या बऱ्याचदा खोक्यात एखादा जादा क्रॅश किंवा स्प्लॅश टाकतात. शिवाय तिघांचा आवाज एकमेकांशी जुळवलेला असतो.

दुसऱ्यांदा घेताना मात्र सुटेच. खोका दुसऱ्यांदा घेणारा माणूस पैसे वाया घालवतो, कारण तिघांपैकी एकच त्याला खटकत असतो.

पैशांचा अंदाज असा : बी-८ चा खोका पितळी खोक्याच्या साधारण दीड ते दोन पट. आणि नामांकित कंपनीची बी-२० ची एकटी २० इंची राइड म्हणजे अख्ख्या पितळी खोक्याएवढे किंवा त्याहून जास्त पैसे. आकडे डॉलर-युरोबरोबर हलतात, कारण हा माल जवळपास सगळा आयात होतो. म्हणून फोनवर भाव विचारला तर मी पटीतच सांगतो.

कोणत्या कंपनीचे घेऊ? नावं सांगा ना.

सांगतो, पण नावाला भुलू नका. चारही मोठ्या कंपन्या, म्हणजे झिल्जियन, सेबियन, पायस्टे आणि माइनल, अगदी खालपासून वरपर्यंत सगळं बनवतात. लोगो तोच, धातू वेगळा.

पितळेत माइनलची एचसीएस, झिल्जियनची प्लॅनेट झी, सेबियनची एसबीआर, पायस्टेची पीएसटी ३. माझ्या कानाला यात एचसीएस जरा उजवी वाटते, विशेषतः हाय-हॅट. बी-८ मध्ये झिल्जियनची आय, सेबियनची बी८एक्स, पायस्टेची पीएसटी ५ आणि ७, माइनलची एचसीएस ब्राँझ. इथे मी पायस्टेकडे झुकतो. बी-८ पत्र्याचं काम त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं आहे आणि एका नगाचा आवाज दुसऱ्याशी तंतोतंत जुळतो. ऑनलाइन मागवणाऱ्याला हा मोठाच फायदा. मधल्या पायरीवर झिल्जियनची एस ही बी-१२ ची मालिका, चमकदार आणि जोरकस. सेबियनची एक्सएसआर बी-२० असूनही त्यांच्या वरच्या मालिकांपेक्षा बरीच स्वस्त. ऐपत तेवढी ताणता येत असेल तर तिची राइड ऐकून बघा.

सेबियन आणि झिल्जियन हे भाऊबंदच. घरात वाटणी झाली आणि रॉबर्ट झिल्जियनने १९८१ मध्ये कॅनडात वेगळी चूल मांडली. आपल्याला हे प्रकरण समजावून सांगायला नको.

तीनही चांगले परवडत नाहीत. एकच चांगला घ्यायचा तर कोणता?

हाय-हॅट. यावर माझ्याशी वाद घालणारे ड्रमर आहेत, ते राइड म्हणतात. पण तुम्ही एका कार्यक्रमात कशावर किती वेळ मारता ते मोजा. मराठी ऑर्केस्ट्रात कोळीगीत असो की लावणी, मूळ ठेका ढोलकीवाला ओढतो. ड्रमरच्या वाट्याला हाय-हॅटची अखंड चिक-चिक येते. क्रॅश मुखड्याला एकदा. राइड एखाद्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात. दहातली सात मिनिटं तुमचा उजवा हात आणि डावा पाय हाय-हॅटवरच असतो.

तेव्हा हाय-हॅट बी-८ किंवा त्याच्या वरची, राइड आणि क्रॅश पितळी. असा मिश्र सेट कोणाला ओळखूही येत नाही.

दुकानात गेल्यावर काय आणि कसं ऐकायचं?

धोबीतलावला फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात जा, नाहीतर भार्गवाजमध्ये जा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी जा. शनिवारी संध्याकाळी चार जण एकदम काहीतरी बडवत असतात आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. स्वतःच्या स्टिक न्या. लाकडी टोक आणि नायलॉनचं टोक यांनी एकच राइड दोन वेगळ्या राइड वाटतात. दुकानातल्या स्टिकने पसंत केलेला आवाज घरी गेल्यावर हरवतो.

हाय-हॅट आधी नुसती पायाने वाजवा. "चिक" नेटका, कोरडा आला पाहिजे. "फुस्स" आला तर दोन ताटल्या इतक्या सपाट बसतायत की मधे हवा अडकते. नग बाद करण्याआधी खालच्या सिम्बलच्या बैठकीचा छोटा स्क्रू फिरवून तिला किंचित तिरकी करायला सांगा. निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो. वारकऱ्याला विचारा, टाळ तोंडावर तोंड आपटून वाजत नाही, जरा कड सरकवावी लागते. नंतर अर्धी उघडी ठेवून वाजवा. स्वस्त हाय-हॅट उघडी ठेवली की तिचं पितळ उघडं पडतं.

राइडवर आधी सावकाश, मग लग्गीच्या वेगाने मारा आणि मारतच राहा. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. पंधरा-वीस सेकंदांत मागचा घोंगाट वाढत वाढत ठोक्यांना गिळत असेल तर ती राइड सोडा. मग मधल्या घुमटावर मारा, तो आवाज बाकीच्या राइडपासून स्पष्ट वेगळा निघाला पाहिजे.

क्रॅशची परीक्षा उलटी. तो पटकन फुलावा आणि पटकन बाजूला व्हावा. पातळ क्रॅश खालच्या सुरात, झटकन उघडतो. जाड क्रॅश वरच्या सुरात, मोठा आणि जरा सुस्त. शिकणाऱ्याने पातळ ते मध्यम घ्यावा, कारण घरात नाही तर क्लासमध्ये वाजवायचं आहे, शिवाजी पार्कात नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं : बरोबर कोणाला तरी न्या. त्याला वाजवू द्या आणि तुम्ही दहा-बारा फुटांवर उभे राहा. सिम्बल कानाशी कर्कश वाटतो तो लांबून गोड लागतो, आणि उलटंही होतं. मला लोक लांबूनच ऐकतात हे मला फार उशिरा कळलं.

सेकंडहँड घ्यावेत का?

घ्यावेत, पण बघून. मुंबईत ड्रम सोडणारे भरपूर आहेत. लग्न होतं, वन बीएचके मिळतो, किट विकायला निघतं. चांगला बी-२० सिम्बल वीस वर्षं वापरूनही नीट वाजतो आणि जुना झाल्यावर जरा मवाळ होतो. काहींना तो जुनाच आवडतो. पितळी मात्र सेकंडहँड घेऊ नका, नव्याशी किमतीचा फरक फार उरत नाही.

सिम्बल उजेडासमोर धरा आणि कडेवरून नखाने पूर्ण एक चक्कर मारा. बारीक तडा डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो. चरांच्या रेषेत गोलाकार जाणारा तडा सगळ्यात फसवा, तो चरासारखाच दिसतो. मग मधलं भोक बघा. ते गोल न राहता किल्लीच्या भोकासारखं लांबट झालं असेल तर मागच्या मालकाने प्लॅस्टिकची नळी न लावता थेट लोखंडी दांड्यावर सिम्बल चढवला होता. भाव पाडा किंवा उठा. शेवटी एक बोट भोकात घालून सिम्बल लटकवा आणि कडेला हलके मारा. झंकार मधेच चरचरला तर कुठेतरी तडा आहे.

मी स्वतः पहिला "ओरिजिनल" क्रॅश चोरबाजारात रस्त्यावरच्या एकाकडून घेतला होता. लोगो होता, भाव होता, घासाघीसही झाली. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसला आणि लोगो फडक्यावर आला.

बिल्डिंगमधले लोक भांडायला येतात. काय करू?

त्यांचंही बरोबर आहे. भिंतीला भिंत लागलेल्या चाळीत ड्रमपेक्षा सिम्बलच जास्त टोचतो, कारण त्याचा तीक्ष्ण आवाज खिडकीतून सरळ बाहेर पडतो. कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र १० ते सकाळी ६ अशी मोजतात. ड्रमकिट शंभराच्या पुढे सहज जातं.

उपाय तीन. पहिला फुकटचा : सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सिम्बलच्या कडेला बसवा, किंवा जुना टी-शर्ट पांघरा. स्टिकची उसळी थोडी मरते, पण हात चालू राहतो. दुसरा : रबराचे तयार पॅड. तिसरा : भोकाभोकांचे कमी आवाजाचे सिम्बल, उदाहरणार्थ झिल्जियनचे एल-८०. आवाज ८० टक्क्यांपर्यंत कमी होतो असा कंपनीचा दावा, म्हणून नावात ८०. ड्रमवर जाळीची हेड लावली तर दुपारी दोन ते चार सोडून बाकी वेळ निभावतं. पण हे सिम्बल स्टेजवर नेता येत नाहीत. म्हणजे पुढेमागे दुसरा सेट घ्यावाच लागतो, तेव्हा बजेट आधीच तसं मांडा.

जॅम रूममध्ये (सरावासाठी भाड्याने मिळणाऱ्या खोलीत) तासाने वाजवत असाल तर घरी फक्त पॅड ठेवा आणि स्वतःचे सिम्बल तिकडे न्या. बऱ्याच जॅम रूममधले सिम्बल इतक्या हातांचा मार खाऊन मेलेले असतात.

पावसाळ्यात सिम्बल काळे-हिरवे पडतात. घासू का?

आईला आधी सांगून ठेवा की ही ताटं नाहीत. चिंच, लिंबू, पितळेच्या भांड्यांची पावडर, काहीही लावायचं नाही. आंबटाने वरचा थर आणि छापलेलं नाव जातं, पावडरीचा चुरा चरांत बसतो आणि आवाज गुदमरतो. घामट बोटांचे ठसे हेच मूळ कारण, त्यात समुद्राची खारी हवा. वाजवून झालं की कोरड्या सुती कपड्याने पुसा, चरांच्या दिशेने, गोल गोल. फारच चिकट झाला तर कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण आणि लगेच कोरडा करणं. जून ते सप्टेंबर बॅगेत बंद करून ठेवू नका.

काळपटपणाने आवाज बिघडत नाही. हिरवा, पापुद्र्यासारखा थर आला तर मात्र लक्ष द्या.

क्रॅशला तडा गेला. वेल्डिंग करून मिळेल का?

नाही. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या धातूची घडणच बदलते आणि सिम्बल बोबडा होतो. तडा छोटा असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही. किंवा तेवढा तुकडा अर्धगोल कापून कड गुळगुळीत करतात. दोन्ही कामं लेथवाल्याकडून होतात. काही महिने निभावतात.

तडा का गेला ते मात्र शोधा. नव्वद टक्के वेळा वरचा नट करकचून आवळलेला असतो. सिम्बल डोलला पाहिजे. दुसरं, तो जमिनीला समांतर ठेवून कडेवर सरळ घाव घालू नका. थोडा स्वतःकडे कलवा आणि फटका तिरका, सरकता द्या. जाड सिम्बल फुटत नाही हा गैरसमज आहे. तो वाकत नाही, म्हणून सगळा मार कडेवरच घेतो.

आणखी कशावर खर्च येईल?

सिम्बलच्या खाली-वर घालायच्या फेल्टच्या चकत्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या. चहा-वडापावच्या पैशांत मिळतात आणि हजारोंचा सिम्बल वाचवतात, तरी कोणी घेत नाही. स्टँड दुहेरी पायांचा घ्या, नाहीतर २० इंची राइड त्याला घेऊन आडवी होते. आणि मधे पडदे असलेली बॅग. पडदे नसतील तर प्रत्येक सिम्बलमध्ये जुना टॉवेल घाला.

लोकलने नेता येतात का?

नेतो की. पण जनरल डब्यात नाही, लगेजच्या डब्यात. बॅग पाठीवर न अडकवता पायांत उभी धरा, कड खाली फळीवर टेकणार नाही अशी, बुटावर ठेवलीत तरी चालेल. दादरला उतरायचं असेल तर माटुंग्यालाच दाराशी या. राइड दोन-सव्वादोन किलोची, हाय-हॅट जोडी त्याहून थोडी जास्त, क्रॅश किलोभर. जिन्यावर चढताना वजन कळतं.

दोन वर्षांनी पैसे आले तर आधी काय बदलू?

हाय-हॅट अजून पितळी असेल तर ती. मग राइड, आणि ती घेताना घाई करू नका, कारण चांगली राइड एकदा घेतली की वीस वर्षं पुरते. क्रॅश सगळ्यात शेवटी, कारण तोच सगळ्यात आधी फुटतो. जुनी हाय-हॅट विकायला गेलात तर फार काही हाती लागणार नाही. क्लासला आणून द्या. नवीन पोरं सध्या ज्या जोडीवर "चिक" शिकतायत तिची वरची ताटली एका विद्यार्थ्याची आहे, खालची दुसऱ्याची, आणि दोघंही आता माझ्यापेक्षा जास्त सुपाऱ्या घेतात.